इन्कॉग्निटोच्या भरवशावर राहू नका
आज पुन्हा तेच ऐकलं. एका मैत्रिणीला आजाराबद्दल सर्च करायचं होतं. तिने फोनवर क्रोम ब्राउझरची काळी, 'खासगी' विंडो उघडली आणि निर्धास्तपणे म्हणाली, "इन्कॉग्निटो आहे गं, कोणाला कळणार?"

राग तिचा नाही आला, तिची अशी समजूत करून देणाऱ्यांचा आला. विंडो बंद केली की इन्कॉग्निटो फक्त फोनवरची हिस्ट्री आणि कुकीज (साइट्सनी फोनवर ठेवलेल्या ओळखखुणा) पुसतं. कोणत्या साइटवर गेलात ते इंटरनेट कंपनीला दिसतं आणि त्या साइटला तर पानन्‌पान कळतं. यावरूनच २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये इन्कॉग्निटोत जमवलेला डेटा पुसायला गूगलला कबूल व्हावं लागलं.

ब्राउझरच बदला. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, मेनूतल्या एक्स्टेंशन्समधून (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅम्समधून) युब्लॉक ओरिजिन टाका, ते जाहिराती आणि तुमच्या मागावर असणारे ट्रॅकर अडवतं. बाकी एक्स्टेंशन्सची गर्दी नको, त्या गर्दीमुळेच तुमचा ब्राउझर इतरांपेक्षा वेगळा ओळखू येतो. मग सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्ट्रिक्ट'वर ठेवा, डेटा कलेक्शन बंद करा आणि फोनच्या डीफॉल्ट ॲप्समध्ये ब्राउझर म्हणून फायरफॉक्स निवडा. हे शेवटचं राहिलं तर लिंका जुन्याच ब्राउझरमध्ये उघडत राहतात.

कॉम्प्युटरवरही हेच. क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही-थ्री, म्हणजे एक्स्टेंशन्सचे नवे नियम, सक्तीचे झाल्यापासून पूर्ण युब्लॉक ओरिजिन चालत नाही, 'लाइट'वर भागवावं लागतं. क्रोमची सुरक्षा चांगली आहे, मान्य. पण कुलूप कितीही भक्कम असलं तरी एक किल्ली घरमालकाकडेच, म्हणजे गूगलकडेच, असेल तर काय उपयोग?

आयफोनवर बहुतेक देशांत सगळे ब्राउझर आतून ॲपलच्या वेबकिट या इंजिनवरच चालतात, त्यामुळे तिथल्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन बसत नाही. तिथे ब्रेव्ह हा ब्राउझर घ्या. २०२० मध्ये ब्रेव्हवाल्यांनी काही साइट्सच्या पत्त्यांना स्वतःचा कमिशनचा कोड जोडला होता, ते मला अजिबात आवडलं नव्हतं. तरी ट्रॅकर अडवण्यात तो चोख आहे.

आणि हे वाचताय तिथलंच सांगते. फेसबुकवरची लिंक दाबली की पान बहुतेकदा ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं. तुमचा फायरफॉक्स तिथे नसतोच! वरच्या तीन टिंबांवरून ते बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा.

माझी मैत्रीण घाबरलेली होती, म्हणून जीव तुटतो. अशा वेळी माणूस डॉक्टरच्या आधी ब्राउझरला विचारतो, आणि तिथे चोरून ऐकणारं कोणी नसावं एवढंच मागणं आहे.

'स्ट्रिक्ट'मुळे एखादी साइट अडली, लॉगिन होईना, तर वैतागून क्रोमकडे परत जाऊ नका. ॲड्रेस बारमधली ढाल दाबा, तेवढ्या साइटपुरतं प्रोटेक्शन बंद करा आणि पान रिलोड करा.