चालतोय ना अजून?

किचन तोडायचं ठरलं तेव्हा आमच्या यादीत बॉयलर नव्हताच. यादीत होतं ते म्हणजे नवा ओटा, कपाटं, फरशी आणि बायकोच्या हट्टाखातर सिंकच्या वर एक मोठ्ठी खिडकी. पण बिल्डर आला, त्याने टेप काढली, इकडेतिकडे मापं घेतली, एका कोपऱ्यात जाऊन थांबला आणि दातांच्या फटीतून हवा आत ओढून 'स्स्स' असा आवाज केला. इंग्लंडात राहणाऱ्यांना हा आवाज बरोब्बर माहितीये. गवंडी असो, प्लंबर असो नाहीतर गाडीचा मेकॅनिक, इथल्या कारागिराने हा आवाज काढला की समजायचं, आपले हजारभर पौंड गेले.

"हा इथेच राहणार आहे का?" त्याने विचारलं. मला क्षणभर वाटलं माझ्याबद्दलच विचारतोय, कारण मी बॉयलरला टेकून उभा होतो. जानेवारीत किचनमध्ये तेवढीच एक उबदार जागा.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, बॉयलर म्हणजे आपला गीझर नव्हे. हे एकच यंत्र आंघोळीचं पाणीही तापवतं आणि घरभरच्या रेडिएटरांतून गरम पाणी फिरवून घरही तापवतं, त्यामुळे ते बसलं की आपण सगळ्याच बाजूंनी बसलो. आमचं घर रेडिंगमधलं, १९३०च्या दशकातलं, आणि बॉयलर १९९४चा, असं त्याच्या पोटावरची पट्टी सांगते. जमिनीवर उभा, छोट्या फ्रिजएवढा, वर सपाट, तिथे आम्ही मोजे वाळवतो. आत एक निळी ज्योत चोवीस तास तेवत असते, नंदादीपासारखी. रोज पहाटे सहाला तो धप्पकन पेटतो आणि मग रेडिंगच्या जड पाण्याने आतून पुटं चढल्यामुळे चहाच्या किटलीसारखा खदखदतो. गेली कित्येक वर्षं आम्ही घड्याळाचा गजर लावलेला नाही.

तर बिल्डर म्हणाला, किचन होतंयच तर आत्ताच काय तो निर्णय घ्या, नंतर टाइल्स फोडाव्या लागतील. हे "होतंयच तर" फार डेंजर प्रकरण आहे. होतंयच तर वायरिंग पण, होतंयच तर प्लास्टर पण, असं करत करत आमचं बजेट आधीच अडीचपट झालं होतं. म्हणलं ठीकाय, तीन जणांना बोलवू, तिघांचं ऐकू, मग ठरवू. इथेच चुकलं. एकालाच बोलवायला पाहिजे होतं.

पहिला आला तो तरुण, हातात टॅबलेट. तो म्हणाला काँबी घ्या. काँबी म्हणजे भिंतीवरचा डबा, नळ सोडला की त्याच क्षणी पाणी तापवून देणार, वरच्या मजल्यावरची गरम पाणी साठवायची तांब्याची टाकी कायमची बाद. तीस किलोवॅटचा घेतला तर मिनिटाला साधारण बारा लिटर गरम पाणी. आपल्याकडे बाथरूममधला दोन किलोवॅटचा गीझर लावला की मीटर पळतो म्हणून ओरडणारे आम्ही, तीस म्हणल्यावर गार झालो. पण एकाच वेळी दोन ठिकाणी आंघोळ चालू असेल तर? "तर एकाने थांबायचं," तो म्हणाला. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला घरात सात माणसं आणि दोन बाथरूम असतात हे त्याला कसं सांगणार? शिवाय आत गेलेला माणूस उटणं धुवून निघेपर्यंत बाहेर येत नाही.

दुसरा आला हीट पंपवाला. हा धर्मप्रचारकाच्या तळमळीने बोलत होता. बाहेरच्या गार हवेतूनच उष्णता ओढून घ्यायची, गॅस नाही, धूर नाही, आणि वर सरकार साडेसात हजार पौंड देणार. रक्कम ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. मग तो हळूहळू पुढचं सांगत गेला. पाणी कमी तापमानाचं फिरणार म्हणून रेडिएटर मोठे लागतील, काही पाइप जाड लागतील, आधी भिंती नि फरशीखाली इन्सुलेशन बघावं लागेल, आणि मागच्या बागेत एक पंखेवालं खोकं येईल, साधारण तिथे. त्याने बोट दाखवलं तिथे बायकोची तुळस होती. (इंग्लंडात बाहेर तुळस जगत नाही, दर मे महिन्यात नवी लावतो आणि ऑक्टोबरात तिच्यासाठी हळहळतो, पण जागा तिची ती तिची.) त्याचं म्हणणं पटत होतं हे खरं, आज ना उद्या तिकडेच जावं लागणार. फक्त किचनचा खड्डा पडलेला असताना घरभर अजून खड्डे पाडायची ताकद आमच्यात नव्हती.

तिसरा सत्तरीला टेकलेला. गॅसवर काम करायला इथे नोंदणी लागते, पूर्वी तिला कॉर्गी म्हणायचे, २००९ मध्ये ते जाऊन गॅस सेफ आलं, पण आजोबा अजून कॉर्गीच म्हणत होते आणि आईला वाटलं विषय राणीच्या कुत्र्यांचा चाललाय. त्यांनी बॉयलरचं झाकण काढलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, बिडाचा आहे, असे आता बनत नाहीत, हात लावू नका. आई म्हणाली, "बघ! मी काय म्हणत होते? चालतोय ना अजून?"

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आणि "चालतोय ना अजून?" हे तिचं जगाकडे बघण्याचं सूत्र. या सूत्रावर आमच्या घरात मिक्सर एकवीस वर्षं आणि बाबांची स्कूटर त्याहून जास्त चालली. तिच्या आजोळी साताऱ्याला तांब्याचा बंब होता, मधल्या नळकांड्यात गोवऱ्या नि लाकडं, भोवती पाणी, वरून गार ओतलं की तोटीतून कढत. चिंचेने घासला की लखलखीत. "पन्नास वर्षं चालला, कधी कोणी सर्टिफिकेट मागितलं नाही," आई म्हणाली.

रात्री मी एक्सेल उघडलं. जुना बॉयलर जाळलेल्या गॅसपैकी सत्तर टक्के कामी लावतो असं धरलं, नवा नव्वद टक्के. वर्षाचं गॅसचं बिल हजार पौंड, म्हणजे वाचणार दोनशेवीस. बसवून देण्याचा खर्च बत्तीसशे. भागाकार केला, साडेचौदा वर्षं. मग नव्या बॉयलरचं आयुष्य किती असतं ते शोधलं तर सगळीकडे बारा ते पंधरा. म्हणजे पैसे वसूल होणार आणि बॉयलर मरणार, दोन्ही एकाच आठवड्यात. बायको म्हणाली, "अरे, मग कशाला बदलायचा?" सकाळी तो धप्प झाल्यावर तीच म्हणाली, "बदलूनच टाकू."

त्यात मित्रमंडळी. एकाने डिसेंबर २०१०ची कथा सांगितली. २००५ पासून इथे नवा गॅस बॉयलर म्हणजे कंडेन्सिंगच लागतो, तो धुरातलीही उष्णता काढून घेतो, त्यातून पाणी ठिबकतं आणि ते एका प्लास्टिकच्या नळीने बाहेर जातं. त्या थंडीत ती नळीच गोठली आणि बॉयलर बंद. हा पायजम्यावर बर्फात उभा राहून किटलीतलं पाणी नळीवर ओततोय आणि शेजारी खिडकीतून बघतोय की हे लोक बहुतेक काहीतरी पूजा करतात. "जुना कधी गोठला नाही," असं म्हणून त्याने उसासा टाकला. दुसरा म्हणाला, बदल. तिसरा म्हणाला, माझ्याकडे एक माणूस आहे. प्रत्येकाकडे एक माणूस असतो.

निर्णय शेवटी लावला तो वार्षिक सर्व्हिसिंगला आलेल्या मुलीने. ती बोलली फार कमी. तिने धुराच्या वाटेत मीटरची नळी घातली, आकडा बघितला, पुन्हा बघितला, मला वाकून ज्योत बघायला सांगितली. निळी असायला हवी ती टोकाला पिवळी होत होती. नीट न जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. हा जो पार्ट गेलाय तो आता मिळत नाही, असं म्हणून तिने गॅस बंद केला आणि बॉयलरवर धोक्याचं लेबल चिकटवलं. आई काही बोलली नाही, मोजे मात्र तिने उचलून घेतले.

मग चार दिवस इलेक्ट्रिक हीटरवर आणि शेजाऱ्यांच्या बाथरूमवर काढले, आणि घाईघाईत त्या पहिल्या टॅबलेटवाल्याला फोन केला. जमेल तशा करू दिवाळीच्या आंघोळी, काँबी लाव बाबा. तो खुशीत आला, वर गेला, टाकीचं कपाट उघडलं आणि म्हणाला, ही टाकी जाईल, तुम्हाला एक अख्खं कपाट मिळेल!

मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "मिळेल म्हणजे? कपाट आहेच की."

आता हे कपाट काय आहे ते सांगायला पाहिजे. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, टाकीची ऊब बाहेर झिरपते, त्यात टॉवेल नि चादरी ठेवायच्या. आम्ही अकरा वर्षं टॉवेलच ठेवत होतो. आई आली आणि तिसऱ्या दिवशी तिथे विरजण लावलं. इंग्लंडच्या हिवाळ्यात दही लागणं म्हणजे काय ते ज्यांनी ओव्हनचा दिवा लावून, भांड्याला स्वेटर घालून, रात्री उठून बघून सकाळी दूधच ओतलंय त्यांना विचारा. या कपाटात ते सुरीने कापावं असं लागलं. मग इडलीचं पीठ फुगून टाकीभोवती गुंडाळलेल्या लाल जॅकेटवर सांडलं, मटकीला बोटभर मोड आले. रविवारी ओळखीचे लोक आमच्याकडे वाट्या घेऊन विरजण न्यायला यायला लागले. चार दिवस बॉयलर बंद तर कपाट गार, आणि घरात सुपरमार्केटचं दही, ज्याला आई दही म्हणत नाही.

"गार कपाट घेऊन मी काय करू?" आईने विचारलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी त्याला म्हणलं, टाकी ठेवू, बॉयलर तेवढा टाकीवाला दे.

तो म्हणाला, मग टाकीही नवीन घ्या, हिचं इन्सुलेशन अगदीच नावापुरतं. नवीला बाहेरून जाड फोम असतो, "हात लावला तर कळणारही नाही आत गरम पाणी आहे!" हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मला वाईट वाटलं.

"जुनीच राहू दे," मी म्हणलं.

"पण तिच्यातून उष्णता वाया जाते."

"हो. तीच पाहिजे."

स्स्स.

शेवटी तोही माणूस चांगला निघाला. टाकीला थर्मोस्टॅट मात्र बसवावाच लागेल म्हणाला, बसवला. रेडिएटरांतून काळा चिखल निघाला, शाईसारखा, तो धुतला. नवा बॉयलर भिंतीवर चढला, त्याचं धुरांडं खिडकीपासून ठरावीक अंतरावर हवं म्हणून बायकोची मोठ्ठी खिडकी मध्यम झाली, यावर अजून घरात बोलणं चालू आहे. नवा आवाज अजिबात करत नाही, त्यामुळे पहिल्या सोमवारी मुलाची शाळा चुकली.

बिल मेलवर आलं. सगळे आयटम व्यवस्थित, आणि तळाला शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: जुनी टाकी ग्राहकाच्या आग्रहावरून तशीच ठेवली, कारण दही. उद्या घर विकायला काढलं की हा कागद घेणाऱ्याच्या वकिलाकडे जाणार. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय की," आणि वर भांडं झाकायला गेली.