मिस्टर फांबे

सोसायटीच्या वर्धापनदिनी माझा सत्कार झाला. टँकरचा हिशेब वर्षभर सांभाळल्याबद्दल शाल, नारळ आणि इंग्रजी सन्मानपत्र. ते पाहुण्यांनी माइकवरून वाचलं, "मिस्टर फांबे." लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी तांबे.

पाहुण्यांचा दोष नव्हता. नाव छापलं होतं एडवर्डियन स्क्रिप्टमध्ये, आणि तेही सगळं कॅपिटलमध्ये. एड बेंगियाट यांनी १९९४ साली केलेला हा देखणा फॉन्ट. टोकदार निबाच्या लेखणीचं वळण. दाब दिला की रेघ जाड, सोडला की केसासारखी. यातलं कॅपिटल अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एकट्यानं मिरवावं म्हणून घडवलेलं असतं. ओळीनं सगळीच कॅपिटल म्हणजे वरातीत प्रत्येकानंच नवरदेवाचा फेटा बांधायचा. त्यात या वळणात टी आणि एफमध्ये फरक काय तो एका चिमुकल्या आडव्या रेघेचा.

दुसऱ्या दिवशी डीटीपीवाल्याकडे गेलो. त्यानं कागद उजेडात धरला. "टीच आहे, साहेब."

मागे आधारची झेरॉक्स काढायला आलेले एक काका उभे होते. त्यांनी मधे मान घातली. "एफ आहे तो."

"बघ!" मी म्हणालो.

"फांबे," काकांनी चष्मा कपाळावर चढवून पक्कं केलं. "आमच्या गुहागरला होते एक फांबे. पोस्टात. तुम्ही त्यांच्यातलेच का?"

"मी तांबे आहे."

"असं कसं? इथं तर फांबे लिहिलंय."

आता यावर काय बोलणार! मी मोर्चा पुन्हा पोराकडे वळवला. लंडनचे हस्ताक्षर-शिक्षक चार्ल्स स्नेल, त्यांच्या वळणावरून १९६०च्या दशकात मॅथ्यू कार्टर यांनी केलेला स्नेल राउंडहँड फॉन्ट, छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत तिरकी अक्षरं एकमेकांना जोडताना होणारी पंचाईत, मग फोटोटाइपसेटिंगनं, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशानं फिल्मवर अक्षरं उमटवण्यानं, झालेली सोय, सगळं सांगितलं. "एवढ्या खटपटीनं त्यांनी अक्षरं जोडली रे, आणि तू कॅप्स लॉक दाबून ती तोडतोस?"

त्यानं एका कानातला इअरफोन काढला. "काय म्हणालात?"

"नाव वाचता येत नाही!"

"कस्टमरला रॉयल लागतं, साहेब. वाचून कोण बघतं?"

राग याचाच येतो, की त्याचं खरं आहे. सन्मानपत्रं, पत्रिका, डॉक्टरांच्या पाट्या, सगळीकडे झुपकेच झुपके. कमिटीतल्या सहा जणांनी यावर सह्या केल्या होत्या. एकानंही नाव वाचलं नव्हतं.

अखेर त्यानं पहिलं अक्षर मोठं ठेवून बाकीची लहान केली. फॉन्ट तोच, पण अक्षरं लगेच हातात हात घालून उभी राहिली. सुरेख तांबे.

"आधी वजन होतं हो," काका हळहळले.

रंगीत प्रिंटचे चाळीस रुपये मीच भरले. काकांनी झेरॉक्सचे सुटे पैसे मोजले आणि निघता निघता पोराला सांगितलं, "नातवाच्या मुंजीची पत्रिका करायचीय. यांची ती पहिली होती ना, तश्शी कर. सगळी मोठी अक्षरं."