आषाढात टिकलं तर खरं

चवथ जवळ आली की आमच्याकडे साफसफाई निघते आणि दरवर्षी त्यात माझा एक डबा सापडतो. पूर्वी त्यात काजूगर असायचे. आता मेलेल्या केबली, एक फुगलेली पॉवर बँक (ती काल बाहेर काढली, घरात ठेवू नये अशी वस्तू आहे) आणि किंडलची, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राची, दोन कव्हरं आहेत. प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने घेतल्याचा महिना आणि गेल्याचा महिना. आई म्हणाली, "हे भंगारवाल्याला देऊ का रे?" मी म्हटलं, "नको, अभ्यास आहे तो." वहिनी अजून हसतेय.

पण खरंच अभ्यास आहे. गोव्यात डिचोलीला राहून गेली सहा-सात वर्षं मी स्वस्तातल्या वस्तू घेतोय आणि माझं एक ठाम मत झालंय. ऑनलाइन दिसणारे चार-साडेचार तारे आपल्या कामाचे नाहीत. ते बहुतेक पहिल्या आठवड्यात दिलेले असतात. "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर, अजून वापरलं नाही, पाच तारे." अहो, मग लिहिता कशाला? आपल्याकडे वस्तूचा निकाल आषाढात लागतो. कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तेव्हा ती केबल काय करते ते मला सांगा.

आधी कव्हराचं सांगतो, कारण त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. माझं किंडल पेपरव्हाइट 2018 चं, सहा इंची. त्याला 399 रुपयांचं काळं 'लेदर' कव्हर घेतलं. हाताला मऊ, शिवण सरळ, आत मखमल. एक पावसाळा झकास गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कडा चिकट लागायला लागली. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी उशीवर काळे कण दिसले, जळलेल्या कागदाच्या राखेसारखे. रात्री वाचताना छातीवर ठेवून झोपलो होतो, बनियनवरही तेच. नखाने जरा खरवडलं तर अख्खा पापुद्रा सुटून आला आणि खाली साधं विणलेलं कापड.

ते लेदर नव्हतंच. कापडावर पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो, त्यालाच पीयू लेदर म्हणतात. हवेतली ओल त्या थरातले रासायनिक बंध हळूहळू तोडते. गंमत म्हणजे मी तसलंच दुसरं एक कव्हर जादा म्हणून घेऊन ठेवलं होतं, पिशवीतून न काढता. ते काढलं तर तेही सोलत होतं. म्हणजे वापराने झिजलं नाही, नुसतं राहून गेलं. तेव्हापासून नियम केला: पीयू असेल तर दीडशेचं असो की बाराशेचं, आपल्या हवेत नको. महाग पीयू थोडं उशिरा सोलतं, इतकंच. कापडी किंवा साधं कडक प्लास्टिकचं पाठीचं कव्हर शंभर रुपये कमी देऊन मिळतं आणि दिसायला गरीब असलं तरी जगतं.

किंडलच्या कव्हरात आणखी एक गोष्ट लपलेली असते ती चुंबक. कव्हर मिटलं की स्क्रीन झोपते ती चुंबकामुळे, आत एक सेन्सर त्याला ओळखतो. स्वस्त कव्हरात तो चुंबक दोन-चार मिलिमीटर सरकलेला असला की पिशवीत बसच्या धक्क्यांनी किंडल उठतं, झोपतं, परत उठतं. लोक म्हणतात बॅटरी खराब झाली. घेतल्या दिवशीच मिटलेलं कव्हर हातात धरून जरा हलवा, कडेने पान जागं होताना दिसलं तर परत करा. आणि वर नुसतं 'पेपरव्हाइटसाठी' एवढंच लिहिलं असेल तर घेऊच नका. 2018 चं सहा इंची, 2021 चं 6.8 इंची, 2024 चं सात इंची. विकणाऱ्याला कुठलं ते माहीत नाही, तर चुंबक कुठे बसवायचा ते काय माहीत असणार?

आता केबल. म्हापशात शुक्रवारी बाजारला गेलो की एका दुकानात डोकावतो. दुकानदार जुना ओळखीचा. मी विचारलं, "दादा, ही शंभरची आणि ही अडीचशेची, फरक काय हो?" त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुट्टे देत देत सांगितलं, "शंभरची टुरिस्टाला. अडीचशेची तुला."

चेष्टा वाटली, पण नंतर लक्षात आलं की याहून प्रामाणिक रिव्ह्यू मी वाचलेला नाही. टुरिस्ट हॉटेलात केबल विसरून येतो, त्याला चार रात्री फोन चार्ज करायचा असतो. ती केबल चार रात्रींसाठीच बनवलेली आहे आणि त्या कामात ती नापास होत नाही. चूक माझी, की मी ती वर्षभरासाठी घेत होतो.

डब्यातल्या दोन केबली मी एकदा कोयत्याच्या टोकाने फाडून पाहिल्या. एक जाडजूड, नायलॉनची वीण घातलेली, धरली की भरभक्कम वाटणारी. आत केसासारख्या चार-पाच तारा, त्याही खरवडल्यावर रुपेरी. दुसरी बारीक, साधी, पांढरी मळकी. आत लालसर तांब्याचा चांगला झुबका. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच. स्वस्त केबलीत बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ते तांब्याइतकी वीज वाहून नेत नाही आणि वाकवून वाकवून लवकर तुटतं. म्हणून जाडी बघू नका, मान बघा. पिनेपाशी रबराचा लवचिक भाग नीट धरलेला आहे का, आणि 60 वॅट किंवा 3 अँपिअर असा काही आकडा छापलाय का. (किंडलला मुळात फार करंट लागत नाही, त्याच्यासाठी कुठलीही धड केबल चालते. फोनचं तसं नाही.)

चुकीची केबल नुसती हळू चालत नाही, कधी कधी नुकसानही करते. गुगलमधले इंजिनिअर बेन्सन लेउंग 2015 पासून टाइप सी केबली विकत घेऊन तपासायचे आणि निकाल जाहीर लिहायचे. जुन्या यूएसबीकडून टाइप सी कडे जाणाऱ्या केबलीत 56 किलो-ओहमचा रेझिस्टर (विजेला अडवणारा बारीक भाग) लागतो. तो चुकीचा असला की फोन समोरच्या पोर्टकडून झेपणार नाही इतका करंट मागतो. 2016 च्या सुरुवातीला एका केबलीत तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांच्या लॅपटॉपचे पोर्टच गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप सी केबलींवर बंदी घातली.

उलट प्रकारही होतो. पुस्तकाला लावायचा छोटा क्लिपवाला दिवा आणला होता, टाइप सी ते टाइप सी केबलने चार्जच होईना. मेला म्हणून टाकून दिला. पुढे कळलं की असल्या स्वस्त वस्तूंत दोन बारीक रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे नवा चार्जर तिला ओळखतच नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवरून लावली की मुकाट्याने चालते. तो दिवा जिवंत होता हो!

पावसात सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून फोन चार्ज करायची आमच्या घरी सर्वांना सवय. तिथे पाण्याचे तुषार येतात. पिनेवर ओल आणि आत वीज, मग आठवडाभरात सोनेरी मुलामा जाऊन हिरवट बुरा धरतो. शंभरच्या केबलीचा मुलामा नावापुरता असतो, पण चांगलीचीही मान आपण मोडतोच. यात दुकानदाराला बोल लावू नये.

चार्जर आणि पॉवर बँक यांत मात्र मी घासाघीस करत नाही. दोन्हींवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांक छापणं सोपं आहे, नाव जुळवणं कठीण, म्हणून टाकून बघाच.

पॉवर बँकेला तर ॲपही लागत नाही, स्वयंपाकघरातला काटा पुरतो. भावाने 50000 एमएएच (बॅटरीत किती मावतं त्याचं माप) लिहिलेली पॉवर बँक जत्रेतून आणली. वजन 212 ग्रॅम, अर्ध्या नारळापेक्षा कमी. लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसल्या गोल सेलमध्ये, चांगल्यातल्या चांगल्यात, 3500 एमएएचच्या आसपास मावतात आणि एक सेल पंचेचाळीस-एक ग्रॅमचा. पन्नास हजाराला पंधरा सेल लागतील, म्हणजे नुसते सेलच साडेसहाशे ग्रॅमच्या वर. हिच्यात तीन-चार असतील तर नशीब. खऱ्या 10000 च्या पॉवर बँकेतूनही फोनला दहा हजार मिळत नाहीत. आतली वीज 3.7 व्होल्टची, बाहेर पाच व्होल्टने येते, म्हणजे हिशेबाने 7400, त्यातून थोडी उष्णतेत जाते. प्रामाणिक कंपनी हा कमी आकडा 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारीक अक्षरात छापते. तो छापलेला दिसला की मला बरं वाटतं.

स्क्रीनगार्डवर फार लिहीत नाही. 99 चं घ्या, ते फुटण्यासाठीच असतं. फक्त '9H' वर भुलू नका. ते पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे. केरीच्या किनाऱ्यावरची वाळू क्वार्ट्झची, काचेहून कठीण. खिशात चार कण गेले की रेघा आल्याच. आणि किंडलला गुळगुळीत काच लावू नका, कागदासारख्या स्क्रीनचा आरसा होतो.

सध्या माझं किंडल आत्याने जुन्या सुती साडीची शिवून दिलेल्या पिशवीत राहतं. चार पावसाळे झाले. एकदा गुंडी तुटली, ती बदलली. चुंबक नाही, त्यामुळे ते स्वतःहून झोपत नाही, बटण दाबावं लागतं.

तुमच्याकडे तीन पावसाळे काढलेली केबल असेल तर कमेंटमध्ये लिहा. फोटो नको, किंमत नको. कुठल्या महिन्यात घेतली आणि सोप्यावर वापरता की आत, तेवढं सांगा. डब्यात जागा आहे.