माकडताप जनजागृती मेळावा कसा पार पाडावा

दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या एखाद्या गावात माकडतापाबद्दल जनजागृती करायची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर घाबरू नका. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला, गोचीड चावून होणारा हा ताप २०१६ मध्ये दोडामार्गात आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे सरकला. तो डोंगर चढून येतो. तुम्हाला फक्त जीपने जायचंय.

आधी वेळ ठरवा. काजूचा हंगाम भर रंगात असताना सकाळी अकराला मेळावा घ्या. तापाचाही हंगाम तोच, त्यामुळे औचित्य साधलं जातं. त्या वेळी गावात पेन्शनर, शाळेची पोरं आणि सरपंच एवढेच असतात, म्हणजे शिस्त राहते. वाटेत एखादी बाई म्हणेल, "भाऊ, काजी पडतत. आमका खंय येळ?" तिला पत्रक द्या. डोक्यावर टोपली असली तर टोपलीत ठेवा.

बॅनरवर 'गोचीड' लिहू नका, लोकांना लगेच कळतं. 'बाह्य परोपजीवी' लिहा. आणि चित्र मात्र माकडाचंच घ्या, चांगलं मोठं, लाल फुलीसकट. म्हणजे पोरं दुसऱ्या दिवसापासून माकडांना दगड मारतील आणि गोचीड निवांत राहील. बिचारं माकड स्वतःच याच तापाने मरतं, मेल्यावर अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात, म्हणून मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवायचं असतं, हे सांगत बसलात तर सत्कारांना वेळ उरणार नाही. (शाल-श्रीफळ विसरू नका. नारळ गावातलेच घ्या, स्वस्त पडतात.)

भाषणात 'जंगलात जाणे टाळा' असं ठणकावून सांगा. ज्यांची काजूची बाग जंगलाला लागून आहे त्यांनी बाग उचलून हमरस्त्याला आणावी. पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पाल्याचा, विषय मात्र काढू नका. बायका रानातला पातेरा गोळा करून गोठ्यात गुरांखाली पसरतात आणि त्याबरोबर गोचीड घरात येते, हे तुमच्या आधी त्यांनाच माहीत असायचं. मग त्या विचारतील, "गुरांखाली घालू काय मग?" याचं उत्तर पत्रकात नाही.

गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायच्या डेपा तेलाच्या बाटल्या आल्या असतील तर त्या कपाटात सुरक्षित ठेवा. वाटायच्याच असल्या तर मंचावरच्यांना वाटा, फोटो चांगला येतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे गरम पाण्यात, हे सगळं शेवटी, माईक बंद झाल्यावर उरकून घ्या.

संध्याकाळी जीप निघताना रानातून बायका परततील, डोक्यावर पातेऱ्याचे भारे. त्यातल्या एखादीने बॅनर मागितला तर देऊन टाका. पावसाळ्यात गोठ्यावर घालायला बरा पडतो.