नाथसागरातलं प्लास्टिक आणि कपाटातल्या जुन्या बाटल्या

पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक आकडा फिरतो: जायकवाडी धरण, म्हणजे आपला नाथसागर, किती टक्के. आवक किती क्युसेक, जिवंत साठा किती, 27 दरवाज्यांपैकी किती उघडले. टपरीवर चहा पिणारा माणूससुद्धा दशांश चिन्हासकट सांगतो. का सांगू नये? 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कुणीच विसरलेलं नाही. नाशिक-नगरच्या धरणांतून आपल्या हक्काचं पाणी सोडून घ्यायला आपण कोर्टाची पायरी चढलो. दुष्काळ जिथं पाचवीला पुजलेला आहे, तिथं पाणी आलं हेच खूप असतं. त्या पाण्यात काय आलं, हे विचारायला उसंत कुणाला?

मी तेच विचारत असते. पर्यावरणशास्त्र शिकवते आणि गोड्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकवर काम करते. एमएस्सीच्या मुली दरवर्षी येऊन विचारतात, "मॅडम, या विषयात करिअर आहे का?" त्यांच्यासाठी लिहितेय, आणि "पाण्यातलं प्लास्टिक मोजून पोट भरतं का?" असं विचारणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारण तुरीच्या डाळीएवढा किंवा त्याहून बारीक प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. हा विषय जगाच्या नजरेत कसा आला ती गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. रिचर्ड थॉम्प्सन नावाचा एक पीएचडीचा विद्यार्थी 1993 साली आइल ऑफ मॅन बेटावर किनारा साफ करायच्या मोहिमेत होता. लोक बाटल्या, दोर, जाळी उचलत होते. वाळूत मिसळलेल्या बारीक तुकड्यांकडे कुणी बघत नव्हतं, त्याचं लक्ष तिथं गेलं. पुढं प्लिमथ विद्यापीठात असताना 2004 साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये जेमतेम एक पानाचा लेख छापला. आज जगभर या विषयावर जे काम चाललंय, त्यातलं बरंचसं त्या एका पानापासून सुरू झालं.

त्या पानातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्रिटनमध्ये 1931 पासून एक उपक्रम चालू आहे. व्यापारी जहाजांच्या मागं एक यंत्र ओढत नेतात. त्यातल्या रेशमी कापडाच्या पट्टीवर समुद्रातले सूक्ष्म जीव गोळा होतात आणि त्या पट्ट्या जपून ठेवल्या जातात. पट्ट्या जमवणाऱ्यांना प्लास्टिकशी काही देणंघेणं नव्हतं, ते प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे हे सूक्ष्म जीव, मोजत होते. थॉम्प्सनच्या गटानं 1960 च्या दशकापासूनच्या त्या जुन्या पट्ट्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, आणि 1960-70 च्या दशकांपेक्षा 1980-90 च्या दशकांतल्या पट्ट्यांवर प्लास्टिकचे धागे बरेच वाढलेले दिसले. कुणीतरी चाळीस वर्षं नमुने टाकून दिले नाहीत, म्हणून हे कळलं. पुढं 2015 साली अमेरिकेनं फेसवॉश-स्क्रबमधल्या प्लास्टिकच्या मण्यांवर बंदीचा कायदा केला, 2018 साली ब्रिटननं केली. त्या कायद्यांच्या मुळाशी अशीच चिवट मोजणी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मराठवाड्याच्या पाण्याला अशी चिवट माणसं हवीत. एकदा येऊन नमुना घेऊन, पेपर छापून निघून जाणारी पुरेशी नाहीत. एकच धरण, त्याच जागा, तीच पद्धत, वीस-पंचवीस वर्षं. भारतात सरोवराच्या गाळातल्या मायक्रोप्लास्टिकची पहिली नोंद केरळातल्या वेंबनाडची, 2017 ची. चौरस मीटरला सरासरी अडीचशेच्या आसपास कण. तिथून पुढं हा विषय आपल्याकडं बहुतेक किनाऱ्यावरच फिरत राहिला. समुद्र नसलेल्या मुलखाला वाटतं, हे आपलं दुखणं नाही.

नाथसागराच्या काठानं जरा चालून बघा. पावसाळ्याआधी पाणी मागं सरकतं तेव्हा काठाचा गाळ उघडा पडतो. त्या भेगाळलेल्या गाळात काळ्या कागदाच्या चिंध्या सापडतात. कडा कुरतडल्यासारख्या, बोटांत धरल्या की भुगा होतो. हा मल्चिंग पेपर; नावाला कागद, खरं तर प्लास्टिक. टरबूज, मिरची, आलं यांच्या बेडवर अंथरतात, जाडी 25-30 मायक्रॉन. पाणी वाचतं, तण येत नाही. पाण्याचा थेंब थेंब मोजणाऱ्या शेतकऱ्यानं तो का वापरू नये? माझ्या वडिलांनीही वापरलाय. पीक निघाल्यावर मात्र त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. मातीनं माखलेला, फाटलेला पातळ कागद भंगारवाला घेत नाही. गोळा करायला मजूर लावणं परवडत नाही. मग रोटाव्हेटर फिरतो, कागदाच्या चिंध्या होतात, उन्हानं त्या कडक होऊन तुटतात आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यानं नदीला लागतात. तीच गत ठिबकच्या जुन्या नळ्यांची आणि शेततळ्यात अंथरलेल्या कागदाची. जालन्याच्या कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांवर द्राक्षं उभी केली, दुष्काळाला तोंड दिलं, त्याचा अभिमानच आहे. तो कागद जुना झाला की परत घेऊन जायची जबाबदारी विकणाऱ्या कंपनीवर टाका, एवढं शासनाला सांगायला हवं. अनुदान देताना ही अट घालणं अवघड नाही.

धरणावरच्या भोई काकांशी बोलले होते. म्हणाले, "ताई, पहिलं सुती जाळं असायचं, कुजून जायचं. आता तंगूसाचं, म्हणजे नायलॉनचं. फाटलं की सांधत बसायला वेळ कुठं, राहतं तिथंच पाण्यात." शहराचा वाटा तर मोठाच. खाम नदी छत्रपती संभाजीनगरातून जे काही घेऊन निघते ते शेवटी गोदावरीच्याच पोटात. वरच्या जिल्ह्यांनी पाणी अडवलं म्हणून आपण ओरडतो, आणि आपल्याच शहराचा कचरा आपल्याच पिण्याच्या पाण्यात सोडतो, हे बोलायला हवं.

आता गाळ. 2017 पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तलावातला गाळ काढायचा, शेतात पसरायचा. योजना चांगली आहे, हलक्या रानांचा पोत सुधारलेला मी पाहिलाय. पण धरणाच्या तळाशी जे प्लास्टिक बसतं ते गाळातच बसतं. शेतातून निघालेली चिंधी ओढ्यानं धरणात गेली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत शेतात आली, असा फेरा आपण स्वतःच्या खर्चानं पूर्ण करू शकतो. गाळाची सुपीकता तपासतो तसंच त्यातलं प्लास्टिकही तपासलं जावं, निदान मोठ्या धरणांच्या आणि शहराखालच्या तलावांच्या गाळात. यासाठी वेगळी योजना काढायची गरज नाही, आहे त्या तपासणीत एक रकाना वाढवायचाय.

पुराचंही तसंच. मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांवर झालेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. 2015-16 च्या हिवाळ्यातल्या पुरांनी तिथल्या नदीपात्रांत साठलेलं सुमारे 70 टक्के मायक्रोप्लास्टिक धुऊन खाली नेलं होतं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला, त्यानंतर नदीकाठच्या बाभळींना माणसाच्या उंचीच्या वर पिशव्या लटकलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. डोळ्यांना दिसल्या त्या पिशव्या. जे दिसलं नाही ते कुठं गेलं, कुठल्या बंधाऱ्याच्या मागं बसलं, हे मोजायचं तर पुराच्या आधीचा नमुना हाताशी असावा लागतो. तो नसला की नुसतं हळहळायचं.

काम रोज कसं चालतं तेही सांगते, कारण मुलींना वाटतं होडीत बसून फोटो काढायचे असतात. काठावरचा गाळ स्टीलच्या खोऱ्यानं काढायचा, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरायचा. प्रयोगशाळेत मंद आचेच्या ओव्हनमध्ये सुकवायचा, फार तापवला तर प्लास्टिकच वाकडं होतं. मग मिठाच्या संपृक्त पाण्यात ढवळून ठेवून द्यायचा. माती खाली बसते, पिशवीचं पॉलिथिन आणि पोत्याचं पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं. पण पाण्याच्या बाटलीचं पीईटी त्याहून जड, घनता 1.38 च्या घरात; ते मिठाच्या पाण्यात तरंगतच नाही. त्याला झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं, आणि ते महाग. म्हणजे स्वस्तातली पद्धत वापरली तर बाटल्या हिशोबातूनच गळतात. दोन अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून "इथं जास्त, तिथं कमी" म्हणणाऱ्या बातम्या वाचताना म्हणूनच मी आधी पद्धत बघते.

तरंगून वर आलेल्यात पऱ्हाटीच्या काडीचे तुकडे, शेवाळ, किड्यांचे पंख असं सगळं असतं. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की फसफसून सेंद्रिय भाग जातो. उरलेलं गाळणीच्या कागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. एक निळा धागा दिसतो. जाळ्याचा आहे, साडीचा आहे, की आपल्याच ओढणीचा? खरी परीक्षा इथं असते. हवेतून, कपड्यांतून धागे पडत राहतात, म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांनी सुती घालायचं. काही ठिकाणी तर मुद्दाम भडक रंगाचे सुती कोट घालतात, म्हणजे आपला धागा पडला तर लगेच ओळखू येतो. शेजारी एक कोरा कागद उघडा ठेवायचा, त्यावर जे पडेल ते हिशोबातून वजा. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात सगळ्यांच्या अंगावर सुती आहे असा वर्ग जमवायला मला आधी सांगून ठेवावं लागतं, कारण आपण सगळे पॉलिस्टरवर गेलोय. प्लिमथमध्येच 2016 साली केलेल्या प्रयोगात ॲक्रिलिक कपड्यांच्या 6 किलोच्या एका धुण्यातून 7 लाखांहून जास्त धागे सुटू शकतात असं आढळलं होतं.

आणि तो निळा धागा प्लास्टिकचाच आहे हे शेवटी रामन किंवा एफटीआयआर यंत्रच सांगतं; प्रकाशाच्या मदतीनं पदार्थ कुठला ते ओळखणारी ही यंत्रं. त्यासाठी दुसऱ्या संस्थेकडं नंबर लावावा लागतो. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथं मराठवाड्यातली दोन मोठी विद्यापीठं आहेत. पाण्यातल्या प्लास्टिकच्या तपासणीसाठी दोघांनी मिळून एक सामाईक केंद्र चालवावं, आठही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना नमुने देता यावेत, ही माझी जुनी मागणी आहे.

लोक विचारतात, मग आता मासे खायचे का, नळाचं पाणी प्यायचं का. घाबरवणं मला पटत नाही. मोठ्या माशाच्या पोटात कण सापडतात ते मुख्यतः आतड्यात, आणि तो भाग आपण साफ करून टाकतो. सुकट मात्र पोटासकट खाल्ली जाते, तिची तपासणी व्हायला हवी. शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि वाळूच्या थरात मोठे कण बऱ्यापैकी अडकतात. उलट, सुरक्षित म्हणून आपण बाटलीकडं धावतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्यावर 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिटरमागं सरासरी 2 लाख 40 हजार कण आढळले, त्यातले 90 टक्के नॅनो आकाराचे, म्हणजे मायक्रोप्लास्टिकहूनही कितीतरी बारीक. आपल्या गल्लोगल्ली उन्हात उभ्या असलेल्या जारच्या गाड्या बघितल्या की मला तो आकडा आठवतो.

प्लास्टिकवर जागतिक करार करायचं 2022 मध्ये नैरोबीला ठरलं, 2024 मध्ये बुसानला आणि 2025 मध्ये जिनिव्हाला बोलणी फिसकटली. घोंगडं भिजत पडलंय. त्याची वाट बघत आपण थांबायचं कारण नाही.

आता करिअर. खरं सांगायचं तर वाट खडतर आहे. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, तेवढी वर्षं बरी जातात. पीएचडीनंतर आपल्याकडं तासिका तत्त्व. डॉक्टरेट झालेली हुशार माणसं तासावर शिकवतात, सुट्टीत बिनपगारी, आणि वर "संशोधन करा" असं ऐकतात. पुढच्या सत्रात आपण इथं असू की नाही हे माहीत नसलेला माणूस वीस वर्षांची मोजणी कशाच्या बळावर सुरू करेल? माझ्याबरोबर उत्तम काम करणारी एक मैत्रीण याच कारणानं औषध कंपनीत गेली. तिला दोष देणार नाही. धरणावर पाण्याची पातळी मोजायला पगारी माणूस असतो, तसा पाण्याची प्रत मोजायलाही कायमचा असावा. ही मागणी पाण्याच्या प्रत्येक आंदोलनात टीएमसीच्या मागणीच्या खालोखाल लिहिली गेली पाहिजे.

तरीही मुलींना मी "या" म्हणते. हे काम आपल्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याशी थेट जोडलेलं आहे, आणि आपल्या धरणाची ओढ बाहेरून आलेल्याला लागेलच असं नाही.

यासोबत एक विनंती, आणि ही विशेषतः प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना. मराठवाड्यातल्या कॉलेजांत कित्येक वर्षं धरणांच्या प्लवकांवर पीएचड्या झाल्या. जायकवाडी, मांजरा, येलदरी, विष्णुपुरी, गावोगावचे तलाव. बोल्टिंग सिल्कच्या, म्हणजे बारीक विणीच्या रेशमी कापडाच्या जाळ्यानं गाळलेले ते नमुने फॉर्मालिनमध्ये, काचेच्या बाटल्यांत, विभागाच्या मागच्या कपाटात धूळ खात असतील. नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती, आली की जुना पसारा म्हणून ते पहिले बाहेर निघतात. कृपा करून टाकू नका. त्या बाटल्यांत 1980-90 चं पाणी आहे, आणि ते आता कुठल्याही धरणातून भरून आणता येणार नाही. झाकण प्लास्टिकचं असेल तर तेही तसंच राहू द्या, म्हणजे झाकणाचे कण वेगळे ओळखता येतात. लेबल पुसट झालं असेल तरी चालेल, तारीख आणि ठिकाण प्रबंधातून किंवा जुन्या रजिस्टरमधून जुळवता येतं. निर्लेखनाच्या, म्हणजे टाकून द्यायच्या वस्तूंच्या यादीवर सही व्हायच्या आधी मला इनबॉक्समध्ये कळवा. जिल्हा कुठलाही असो, मी स्वतः न्यायला येते.