सोन्याच्या गावी बिऱ्हाड थाटू इच्छिणाऱ्यांसाठी

१८९८ सालच्या डॉसनला, म्हणजे कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रांतातल्या सोन्याच्या गावी, बायकोमुलांसह मुक्काम हलवण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर प्रथम अभिनंदन. तिथल्या क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात सोने सापडले ते १८९६ च्या ऑगस्टमध्ये, आणि खाणीचे चांगले पट्टे ही बातमी अमेरिकेतील सिअॅटलला पोहोचण्याआधीच वाटले गेले होते. पण एवढ्या क्षुल्लक कारणावरून ठरलेली श्रीमंती कोणी रद्द करते काय?

डॉसनच्या वाटेवरील चिल्कूटच्या डोंगरखिंडीत वर्षभराचा शिधा सोबत असल्याखेरीज पोलीस पुढे सोडत नाहीत. हत्यारे आणि तंबू धरून हे ओझे माणशी सुमारे एक टन भरते, त्यामुळे बर्फात खोदलेल्या दीड हजार पायऱ्या आपल्याला पाठीवर गोणी घेऊन पुन्हा पुन्हा चढाव्या लागतील. त्या पायऱ्या खोदून वर टोल वसूल करणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहावे, कारण त्यांना सोने शोधण्याची उमेद नाही. जोसेफ लदू यांचेही तसेच. सगळे ओढ्याकडे धावत असताना त्यांनी गावठाणाची दलदल नावावर करून घेतली आणि लाकडाची वखार घातली. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या मूळ रहिवाशांची चिंता नसावी. त्यांनी नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड या जागी बस्तान हलवले आहे, म्हणजे आपली सोय झालीच.

हिवाळाभर पतीने गोठलेल्या जमिनीवर रात्री जाळ करावा, सकाळी वितळलेला चिखल उपसावा आणि संध्याकाळी पुन्हा लाकडे रचावीत. त्या ढिगात सोने आहे की नुसती माती, हे वसंतात पाणी वाहू लागून ढीग धुता आल्यावर कळेल. तोवर पत्नीने पाव भाजावेत, खाणवाल्यांचे कपडे धुवावेत आणि मोबदल्यात मिळालेली सोन्याची पूड चिमटीने तोलून घ्यावी. घर नेमके कशावर चालले आहे, हा विषय जेवताना काढू नये. कर्त्या पुरुषाचा हिरमोड होतो. बेलिंडा मुलरूनी नावाच्या बाईने तर फावड्याऐवजी रेशीम आणि गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या आणि पुढे हॉटेल बांधले. अशा बाईची संगत आपल्या घरातील स्त्रियांना लागू देऊ नये.

रविवारी लाकडे फोडू नयेत. तसे केल्यास अटक होते, आणि शिक्षा म्हणून उरलेले दिवस पोलिसांची लाकडे फोडावी लागतात. सांडपाण्याची व्यवस्था मात्र प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलेली असल्यामुळे विषमज्वर सर्वांना सारखाच मिळतो.

१८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कातील नोमच्या किनाऱ्यावर सोने असल्याची वार्ता येईल आणि हजारो लोक पहिल्या बोटीने निघतील. पतीराजांनीही अर्थातच निघावे. पत्नीने मात्र पाव भाजायची भट्टी इतक्यात मोडू नये. बोटीवरच्या मंडळींना वाटेसाठी शिदोरी लागेलच, आणि भाव त्या दिवशी दुप्पट लावला तरी कोणी घासाघीस करणार नाही.