‘पावसात सोलर म्हणजे शोभेची काच’: खानापूरच्या वाड्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: ‘जंगलातल्या वाड्यांना (छोट्या वस्त्यांना) सोलर ग्रीड, म्हणजे वस्तीपुरती पॅनेल, बॅटरी आणि तारा, देणं म्हणजे पैसे ओढ्यात टाकणं. चार महिने ऊन नाही, बॅटरी दोन वर्षांत मरते, गिरण फिरत नाही, परवानगी मिळत नाही. आणि सरकार 200 युनिट फुकट देत असताना विकतची वीज घेणार कोण? बिहारच्या धरनईचं काय झालं बघा.’

यातला एक मुद्दा अगदी खरा आहे, एक अर्धा खरा. बाकीचे चुकीच्या हिशोबातून आलेत.

‘चार महिने ऊन नाही.’ हा अर्धा खरा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस बेळगाव शहरातल्या पावसासारखा नाही, तिथे झड लागली की आठवडाभर सूर्य दिसत नाही. एरवी 1 किलोवॅट पॅनेल दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते दीड-दोनवर येतं, झडीत एकाच्याही खाली. विकणारा एप्रिलचा आकडा दाखवतो, मेसेज लिहिणारा झडीचा. घाटाखालच्या आणि घाटावरच्या जंगलपट्ट्यात आखणी जुलै धरूनच करायची असते.

25 घरांचा वाडा धरा. घरटी 9 वॉटचे चार एलईडी बल्ब पाच तास, 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा सहा तास, टीव्ही तीन तास आणि मोबाईल, असं सारं मिळून अर्ध्या युनिटला थोडं वर. पावसात पंखा लागत नाही, मग घरटी 350 वॉट-तास उरतात. 25 घरांचे पावणेनऊ युनिट. त्यात इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी खातो ती वीज आणि तारांमधली गळती धरली की रोजचे 12. म्हणजे 10 किलोवॅट, 540 वॉटची साधारण 18 पॅनेल, जुलैच्या साध्या दिवसाला पुरतात. झडीत सात-आठ युनिट येतात, चार-पाचचा खड्डा पडतो. 51.2 व्होल्ट, 200 अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्यांत वापरता येण्यासारखे 16 युनिट असतात, त्यावर तीन-चार दिवस निघतात. आठ दिवसांची झड नुसत्या सोलरवर निघत नाही, हे मेसेजवाल्याचं मान्य.

पण जो पाऊस ऊन खातो तोच ओहोळ भरतो. म्हादई आणि मलप्रभा या दोन्ही नद्या याच तालुक्यात उगम पावतात. पाणी आणि उतार दोन्ही इथे आहेत, म्हणजे ओहोळाचं पाणी पाइपातून खाली आणून छोट्या टर्बाइनवर वीज करता येते. ढोबळ हिशोब सोपा आहे: सेकंदाला किती लिटर गुणिले पाणी किती मीटर उंचीवरून येतं ते गुणिले 5, उत्तर वॉटमध्ये. 10 लिटर आणि 20 मीटर म्हणजे 1000 वॉट, रात्रंदिवस. दिवसाचे 24 युनिट! झडीच्या खड्ड्याच्या कितीतरी पट. मोजमाप मात्र जुलैत करू नका, तेव्हा प्रत्येक ओहोळ नदी असतो. सप्टेंबरच्या शेवटी मोजा. 20 लिटरची बादली दोन सेकंदांत भरली तर 10 लिटर.

फसतं ते बहुतेक पाइपात. 100 मीटर लांबीला 110 मिलिमीटरचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप घातला तर घर्षणात दीडेक मीटर उंची जाते. स्वस्त पडतो म्हणून 75 मिलिमीटरचा घातला तर 11 मीटर, म्हणजे 20 पैकी निम्म्याहून जास्त, पाइपातच संपते. मग लोक म्हणतात टर्बाइन खराब. दुसरी अडचण पालापाचोळ्याची. पाणी घेतो तिथली जाळी पावसात रोज एकदा हाताने साफ करावी लागते, आणि पाइपाआधी गाळ बसायला टाकी हवीच, नाहीतर वाळू पेल्टन चाकाच्या (टर्बाइनच्या फिरत्या चाकाच्या) वाट्या आणि पाण्याची धार सोडणारं नोझल झिजवते. तिसरी गोष्ट लोड कंट्रोलर. रात्री अकराला सगळ्यांनी दिवे बंद केले की चाकावरचा भार जातो, ते सुसाट फिरतं, व्होल्टेज चढतं आणि चालू राहिलेला एखादा टीव्ही जळतो. कंट्रोलर उरलेली वीज पाण्यात बुडवलेल्या कॉइलकडे वळवतो. पैसे वाचवायला हाच भाग गाळला जातो, तो गाळू नये.

‘बॅटरी दोन वर्षांत मरते.’ लेड-अ‍ॅसिड असेल तर मरतेच, आणि कारण पाऊसच. ती आठवडेच्या आठवडे अर्धी भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग निघत नाही. लिथियम फेरो फॉस्फेटला, म्हणजे वर धरलेल्या लिथियम बॅटरीला, अर्ध्यावर राहण्याचा त्रास नाही. रोज ऐंशी टक्के वापरूनही तीन हजारांच्या वर फेऱ्या, म्हणजे आठ वर्षं धरायला हरकत नाही. तिचा खोडा वेगळा आहे. पूर्ण उतरली की आतली बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) तिला बंद करते, आणि इन्व्हर्टरला जागं व्हायलाच वीज उरत नाही. म्हणून वीस टक्क्यांवर घरांकडे जाणारी लाईन आपोआप तुटेल अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

बॅटरी मरण्यापेक्षा वळवातल्या विजांनी इन्व्हर्टर जळण्याचा धोका मोठा. इथली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठाक असते, एका रॉडने अर्थिंग लागत नाही. दोन-तीन खड्डे घेऊन एकत्र जोडा, वळीव यायच्या आधी पाणी घाला आणि 5 ओहमच्या खाली आल्याशिवाय काम झालं समजू नका. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा) डीसी म्हणजे पॅनेलच्या आणि एसी म्हणजे घरांच्या, अशा दोन्ही बाजूंना हवा.

‘गिरण फिरत नाही.’ थेट स्टार्टरने फिरत नाहीच. 3 एचपीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, इन्व्हर्टर ट्रिप होतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘सोलरवर गिरण चालत नाही’ हा मेसेज तयार. व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) बसवा, मोटर हळूहळू वेग घेते. दळण अकरा ते दोन या वेळेतच, म्हणजे वीज पॅनेलवरून थेट येते, बॅटरीला हात लागत नाही. झडीत गिरण बंद. तो कागद गिरणीच्या दारावर चिकटवलेला असावा, तोंडी ठरलेलं टिकत नाही.

‘परवानगी मिळत नाही.’ वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 झाडांच्या मर्यादेत, ज्या सोयींसाठी देता येते त्यांच्या यादीत अपारंपरिक ऊर्जा स्पष्ट लिहिलेली आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 14 प्रमाणे अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही, सुरक्षेचे नियम मात्र पाळावे लागतात. उलट, 2011 मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्तोळीसारख्या गावांकडे खांबांची लाईन न्यायची तर वन्यजीव मंडळापर्यंत फाईल फिरते, आणि गेल्यावरही पावसात तिच्यावर झाडं पडायची ती पडतातच. जिथे पुनर्वसनाची चर्चा चालू आहे तिथे पॅनेलचा सांगाडा नट-बोल्टचा ठेवावा. उद्या गाव हललं तर पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर बरोबर जातात.

आता खरा मुद्दा, फुकट विजेचा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतले 200 युनिटपर्यंतचे फुकट युनिट हेस्कॉमच्या (सरकारी वीज कंपनीच्या) मीटरवर मिळतात, वाड्याच्या ग्रीडवर नाही. धरनईचा दाखलाही बरोबर आहे. 2014 मध्ये तिथे 100 किलोवॅटचा सोलर संच उभा राहिला, पाठोपाठ सरकारी लाईन आली, ती स्वस्त पडली, लोक तिकडे गेले, बॅटऱ्या संपल्या आणि बदलायला पैसा नव्हता. पुढे त्या आवारात गुरं बांधली गेली. पण ते गाव सपाटीवरचं, लाईन सहज पोचेल असं होतं. तुमच्या वाड्यापासून हेस्कॉमचा शेवटचा खांब हाकेच्या अंतरावर असेल तर सोलर ग्रीडच्या नादाला लागूच नका, लाईनसाठी भांडा.

खांब जंगलापलीकडे असेल तर हिशोब असा. घरटी महिना 150 रुपये, 25 घरांचे वर्षाला 45,000. देखरेख करणाऱ्या पोराला महिना 1,500, वर्षाचे 18,000 वजा. उरले 27,000. गिरणीकडून आठ महिने 1,500 प्रमाणे 12,000 आले तर बॅटरीच्या खात्यात वर्षाला 39,000 पडतात, आठ वर्षांत 3 लाख 12 हजार. नवीन बॅटऱ्या साधारण तेवढ्यातच बसतात. हे खातं वेगळं, दोन बायकांच्या सहीचं असावं. जत्रेच्या वर्गणीत मिसळलं की गेलं. इन्व्हर्टर हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि सरकारी लाईन तिन्हींवर चालणारा) घ्यावा आणि गावातले खांब-तारा हेस्कॉमच्या मापाच्याच ठेवाव्यात. लाईन आलीच तर त्याच तारांना जोडता येते, आणि जुलैत ती पडली की रात्रीचे दिवे बॅटरीवर चालू राहतात.